जपानी गाड्या तक्रार करत नाहीत, तिथेच गफलत होते: रोजच्या वापरातली देखभाल

तेलकट_हात

"जपानी गाडी आहे, बोनेट उघडायची गरजच नाही" हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला विरळा. टोयोटा, होंडा, सुझुकी, निसान, माझदा या गाड्या दुर्लक्ष खूप दिवस पचवतात हे खरंच आहे. त्या दिवसांत दिवा लागत नाही, आवाज येत नाही, ॲव्हरेजही जेमतेम हलतं. मग एके दिवशी थेट मोठं काम निघतं. म्हणून हा धागा फक्त गुपचूप बिघडणाऱ्या गोष्टींसाठी. वायपर आणि टायरची हवा यांवर इथे चर्चा नको. आकडा दिलात तर कुठल्या इंजिनाचा तेही लिहा. "होंडाला अमुक ऑइल लागतं" याला काही अर्थ नसतो.

सुरुवात मी ऑइल बदलण्यापासून करतो. त्यातही ड्रेन बोल्टपासून, कारण घरच्या घरी केलेल्या कामात सगळ्यात जास्त वाट त्याचीच लागते. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. होंडाच्या छोट्या इंजिनांवर (एल१५ए वगैरे) १४ मिमी आट्यांचा बोल्ट आणि चिरडला जाणारा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो, टॉर्क (कसण्याचा जोर) ४० न्यूटन मीटरच्या आसपास. टोयोटाच्या १एनझेड-एफईवर बोल्ट १२ मिमी आट्यांचा, टॉर्क ३७-३८. वॉशर एकदाच वापरायचा. जुना परत लावला की थेंब थेंब गळतो, मग कोणीतरी "जरा कसतो" म्हणून पान्याला लोंबकळतो, पुढच्या वेळी आणखी जरा, आणि तिसऱ्या वेळी बोल्टबरोबर सम्पचे आटे बाहेर येतात.

मापं: १एनझेड-एफई फिल्टरसकट ३.७ लिटर, एल१५ए ३.६ लिटर. आधी सव्वातीन लिटर ओता, इंजिन एक मिनिट चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत उरलेलं घाला. जास्त झालेलं ऑइल क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल पंपाला नीट ढकलता येत नाही.

डब्यासारखा फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रिंगवर नवी बसली तर दाब येताच सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा, त्यापुढे पाऊण फेरा. त्याला पाना नको. टोयोटाच्या २झेडआरसारख्या इंजिनांत आत कागदी फिल्टर असतो. त्याच्या झाकणाला ६४ मिमीचा १४ कोनी कप लागतो, टॉर्क २५ न्यूटन मीटर. पट्ट्याच्या पान्याने ते झाकण काढू नका, चिरतं.

नवशिकी_चालक

छान धागा. एक शंका. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, पण ते हातावर घेतलं तर पाण्यासारखं वाटतं. हवा गरम असेल तर ५डब्ल्यू-३० घातलेलं बरं नाही का? सगळे "जाड ऑइल इंजिन वाचवतं" म्हणतात.

बारा_नंबरचा_पाना

@नवशिकी_चालक, डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यानंतरचा. बाहेर कितीही ऊन असो, थर्मोस्टॅट कूलंट ठरावीक तापमानालाच राखतो. त्यामुळे "गरम हवा म्हणून जाड" हा हिशोब वाटतो तेवढा सरळ नाही. व्हीव्हीटी-आयसारख्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणाऱ्या) यंत्रणेत कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, कोन ऑइलच्या दाबानेच फिरतो, तिथल्या वाटा आणि जाळ्या बारीक असतात. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, त्यातलं कुठलंही चालतं. ५डब्ल्यू-३० त्यात असेल तर खुशाल घाला. सतत भरलेली गाडी किंवा लांबचा हायवे असेल तर मीही तेच निवडेन.

उलटा प्रकार मात्र करू नका. ०डब्ल्यू-१६ फक्त ज्या इंजिनाला सांगितलंय त्यालाच. जीएफ-६बी हे वेगळं मानक आणि डब्यावर वेगळं चिन्ह त्यासाठीच काढलं, कारण ते जुन्या इंजिनांना चालत नाही.

ग्रेडच्या वादात वय विसरलं जातं. रोज तीन-चार किलोमीटर जाणारी गाडी नीट तापतच नाही, पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये राहून जातो. अशा गाडीला १०,००० किमीचा अंतराल लागू नाही. ५,००० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. छोटं टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर डिपस्टिकचा वासही घ्या. पातळी वाढत चाललीय आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे ऑइल पातळ झालंय.

जुनं ऑइल सगळ्यात आधी टायमिंग चेनला भोवतं. तिच्या पिना आणि कड्या काजळीने झिजतात, चेन लांबते, तिला ताणून धरणारा टेन्शनर बाहेर येत राहतो. सकाळी पहिल्या स्टार्टला सेकंदभर खडखड, मग शांत. पुढे पी००१६ हा कोड येतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ सुटलाय. "चेन आहे, बेल्टसारखी बदलावी लागत नाही" हे ऑइल वेळेवर बदलणाऱ्यापुरतंच खरं.

आणि दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघाच. टोयोटाचं २एझेड-एफई हे २००७ ते २००९ च्या सुमारास पिस्टन रिंगमुळे ऑइल खाण्यासाठी बदनाम झालं. ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

नवशिकी_चालक

धन्यवाद. तक्त्यात ५डब्ल्यू-३० आहे, पण ०डब्ल्यू-२० वरच राहते.

टॅपेट_मास्तर

आता या धाग्याच्या नावाला शोभणारा विषय: होंडाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग आणि त्यांची गॅप.

एल आणि आर मालिकेच्या इंजिनांत (जॅझ, सिटी, सिव्हिक वगैरे) हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) टॅपेट नाहीत. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) स्क्रू आणि लॉकनट आहे, गॅप हातानेच सेट करावी लागते. एल१५ए ला इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी. आर१८ ला इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७.

लोक आवाज आला तरच बोनेट उघडतात. पण टिकटिक करतो तो सैल व्हॉल्व्ह, आणि त्याच्याने फारसं बिघडत नाही. खरी भीती आवळलेल्या व्हॉल्व्हची, आणि तो अगदी गप्प असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुततो, त्यामुळे दांडा वर येतो आणि गॅप कमी होत जाते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो सीटवर टेकलेला असतानाच बाहेर जाते. गॅप संपली की तो पूर्ण टेकत नाही, तापलेला वायू फटीतून निसटतो, कडा जळते. तोवर गाडीवाल्याला कळलेलं असतं ते एवढंच की "इंजिन हल्ली जास्त शांत झालंय". लोक खूशही होतात!

काम असं. इंजिन पूर्ण थंड हवं, ३८ अंशांच्या खाली. रात्रभर उभी गाडी सगळ्यात बरी. कॉइल, प्लग आणि वरचं कव्हर काढा. प्लग काढले की क्रँक हलका फिरतो. क्रँक पुलीच्या बोल्टला १९ ची गोटी लावून घड्याळाच्या दिशेने फिरवा. कॅमच्या चाकावरची 'अप'ची खूण वर आणि बाजूच्या दोन रेघा हेडच्या पृष्ठभागाशी समांतर आल्या की पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला. त्याचे चारही व्हॉल्व्ह तपासा. मग क्रँक अर्धा फेरा, तिसरा सिलिंडर. पुन्हा अर्धा, चौथा. पुन्हा अर्धा, दुसरा. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

फीलर गेजची (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्र्यांची) पट्टी ऑइल लावून सारा. ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. सरकतच नसेल तर आवळलाय. लॉकनट १० च्या पान्याने ढिला करा, स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा, स्क्रू तसाच धरून नट कसा, साधारण १४ न्यूटन मीटर. नट कसल्यावर पट्टी पुन्हा घाला. कसताना स्क्रू केसभर फिरतोच, आणि ०.०४ च्या मुभेत तेवढं पुरतं. एक्झॉस्ट मी मुद्दाम वरच्या टोकाला, ०.२९-०.३० वर ठेवतो. तो आवळतच जाणार आहे, थोडी जागा ठेवलेली बरी.

कव्हर बसवताना चेनकेस आणि हेड जिथे जुळतात त्या कोपऱ्यांवर सीलंटचा वाटाण्याएवढा थेंब ठेवा. नाहीतर तिथूनच ऑइल पाझरतं आणि बिचाऱ्या गॅस्केटला शिव्या बसतात. प्लगच्या विहिरींच्या रिंगा कडक झाल्या असतील तर त्याच वेळी बदला. विहिरीत ऑइल साचलं की कॉइलचं रबर फुगतं आणि मिसफायर येतो.

पेट्रोलवर ४०,००० किमीला तपासणी, गॅसवर त्याच्या निम्म्यात.

अर्धा_क्लच

जबरदस्त माहिती. हे सगळ्या जपानी गाड्यांना लागू का?

टॅपेट_मास्तर

नाही. टोयोटाच्या झेडआर इंजिनांत हायड्रॉलिक ॲडजस्टर आहेत, तिथे हे काम नाही. १एनझेड-एफईमध्ये स्क्रू नाही, व्हॉल्व्हवरच्या वाट्या (बकेट) वेगवेगळ्या जाडीच्या येतात. मोजून, हिशोब करून, कॅम काढून बदलायच्या. ते वारंवार लागत नाही, पण लागलं तर घरी करायचं काम नव्हे.

होंडाच्या डॅशवर सर्व्हिसचा कोड येत असेल तर त्यातला ४ म्हणजे प्लग आणि टॅपेट. ए म्हणजे ऑइल, बी म्हणजे ऑइल आणि तपासणी, १ टायरची अदलाबदल, २ एअर फिल्टर, ३ गिअरबॉक्सचं ऑइल, ५ कूलंट. ४ आला की बरेच जण प्लग टाकून मोकळे होतात, टॅपेटकडे कोणी बघत नाही. बिलावर दोन्ही लिहिलंय का बघा. कव्हर उघडलं असेल तर त्याचे बोल्ट पुसलेले दिसतात, धूळ बसलेले नाही.

बारा_नंबरचा_पाना

हत्यारांबद्दल थोडं. जपानी गाडीला १०, १२, १४, १७, १९ चे पाने पुरतात. १३ चा पाना जर्मन गाड्यांचा, इथे फारसा लागत नाही. १२ च्या बोल्टला १३ घातला की डोकं गोल झालंच म्हणून समजा.

दुसरं, फुलीचे स्क्रू. दिसतात फिलिप्ससारखे, पण जपानी मानक जेआयएसचे असतात. डोक्यावर बारीक टिंब असेल तर ओळख पक्की. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतं आणि फुली खाऊन टाकतं. होंडाच्या ब्रेक डिस्कला धरून ठेवणारे दोन स्क्रू असेच शहीद होतात. ३ नंबरचा जेआयएस बिट आणि हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन ठोके, सुटतो.

गंजून बसलेला ड्रम किंवा डिस्क हातोड्याने बडवू नका. त्यावर बहुधा दोन आटे पाडलेली भोकं असतात. ८ मिमीचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) दोन बोल्ट त्यात घालून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा कसा, ड्रम आपोआप बाहेर येतो. हँडब्रेक सोडायला विसरू नका म्हणजे झालं.

पुली_पट्टा

सीव्हीटीवाल्यांसाठी (ठरावीक गिअर नसलेला, पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात महागडं नुकसान इथेच.

आत पोलादी पट्टा असतो. पातळ पोलादी कड्यांच्या दोन जुड्या आणि त्यांवर ओवलेले शेकडो छोटे पोलादी तुकडे. हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. दोन शंकूंच्या मध्ये दाबला जाऊन पोलादावर पोलादाच्या घर्षणाने ताकद जाते. म्हणजे ऑइलला दोन उलट कामं: झीज थांबवायची आणि पकड टिकवायची. साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) हे करू शकत नाही. ते घातलं की पट्टा सूक्ष्म घसरतो, शंकूवर ओरखडा उमटतो, आणि तो ओरखडा नंतर कुठल्याच ऑइलने भरून येत नाही.

होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानला मॉडेलप्रमाणे एनएस-२ किंवा एनएस-३, टोयोटाला सीव्हीटी फ्लुइड एफई किंवा जुन्यांना टीसी. जुन्या होंडांत टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या जोडणीच्या) जागी ऑइलमध्ये बुडालेला स्टार्ट क्लच होता, त्यांचं ऑइल एचएमएमएफ. त्यांत एचसीएफ-२ चालत नाही, "नवं आहे म्हणजे चांगलं" म्हणून घालू नका. या जुन्या गाड्या उचलताना थरथरल्या तर आधी ऑइल बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने थरथर जाते.

"आजीवन ऑइल" या शब्दावर विश्वास ठेवू नका. ४०,००० किमीला बदला. होंडाच्या छोट्या सीव्हीटीतून साडेतीन-चार लिटर निघतं, बाकीचं आतच राहतं. जितकं निघालं तितकंच मोजून घाला, त्यासाठी खुणा केलेलं भांडं खाली ठेवा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम दिसेल, ते ठीक. बोटात टोचणारे चकचकीत कण दिसले तर पट्टा किंवा बेअरिंग गेलंय. मग ऑइल बदलून उपयोग नाही.

चालवताना: मागे-पुढे करताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर-डी बदलू नका. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. उताराला न्यूट्रल नाही. बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पट्टा कोरडा फिरतो.

मागची_सीट

थोडी असहमती. दीड लाख किमी कधीच न बदललेलं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो असंही ऐकलंय. मग हात न लावलेलाच बरा ना?

पुली_पट्टा

मरायला टेकलेला गिअरबॉक्स ऑइल बदलल्यावर मेला की नाव ऑइलचं होतं. पण तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते मशीन लावून केलेल्या फ्लशबाबत. दाबाने सगळं एकदम बदलताना तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरबॉक्समधलं ऑइल इकडे-तिकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून अशा गाडीला फ्लश नको. फक्त खालून काढून तितकंच घालायचं, हजार-दोन हजार किमी चालवून परत एकदा, मग तिसऱ्यांदा. शक्य असेल तर पॅन उतरवून चुंबक पुसा. झटके आधीपासून असतील तर आधी कोड वाचून घ्या, मग ठरवा.

तेलकट_हात

यात एक भर. टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक आणि सीव्हीटींना डिपस्टिकच नाही. खाली ओव्हरफ्लो प्लग असतो आणि पातळी ठरावीक तापमानालाच बघायची, बहुतेकांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, नेमका आकडा त्या मॉडेलचा. गाडी चारही बाजूंनी समतल उचललेली, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवलेला, स्कॅनरवर तापमान. प्लग काढल्यावर धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. ऑइल तापून फुगलेलं असताना बघितलं तर कमी भरलं जातं. पुढची दोनच चाकं जॅकवर घेतली तर पातळी चुकलीच. आणि एटीएफ डब्ल्यूएस मागणाऱ्या गाडीत जुनं टी-४ घालू नका.

रेडिएटर_झाकण

कूलंटचा रंग बघून बाटली उचलणाऱ्यांसाठी: रंग म्हणजे नुसता रंग. टोयोटाचा गुलाबी, होंडाचा निळा, पण बाजारातल्या गुलाबी बाटलीत काहीही असू शकतं. बाटलीवर बघायचं ते फॉस्फेटयुक्त ऑरगॅनिक ॲसिड आणि सिलिकेट नाही. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, पंपाच्या सीलला ते घासतं म्हणून. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्याशी मिसळून ते क्षार धरतं. दोघांचं मिश्रण करून मधला मार्ग निघत नाही.

टोयोटाचा गुलाबी पहिल्यांदा १,६०,००० किमीला आणि नंतर दर ८०,००० ला. होंडाचा निळा पहिल्यांदा दहा वर्षं किंवा दोन लाखांच्या आसपास, नंतर त्याच्या निम्म्याने. दोन्ही तयार मिश्रण, त्यात पाणी घालायचं नाही. मध्ये कधी नळाचं पाणी भरलं असेल तर हे आकडे विसरा आणि लगेच बदला.

भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू करा, वरचा होज अधूनमधून दाबा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, पातळी भरत राहा. हीटरमधून गार वारा येतोय म्हणजे अजून हवा आहे.

तीन गोष्टी टॉर्चने बघा. वॉटर पंपाखाली गुलाबी किंवा निळी वाळलेली भुकटी: पंपाचं सील पाझरतंय, खाली थेंब दिसणार नाही कारण गरम धातूवर तो वाळून जातो. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळ्याची तपकिरी झाली: शिवणीवर चीर जायची वेळ आलीय. झाकणाचं रबर कडक: १.१ बारच्या आसपासचा दाब ते धरत नाही, कूलंट लवकर उकळतो. झाकण सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात शेवटी बदलला जाणारा.

अर्धा_क्लच

अवांतर होतंय का माहीत नाही, पण बॅटरीवर ३८बी२०एल असं काहीतरी लिहिलेलं असतं ते काय?

बारा_नंबरचा_पाना

अवांतर कसलं, हेही जेआयएसच. ३८ म्हणजे ताकदीची श्रेणी, बी म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये. धन टर्मिनल ज्या आखूड बाजूला आहे तिथून बघायचं, धन डावीकडे असेल तर एल, उजवीकडे असेल तर आर. चुकीची आणली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढून-ताणून पोहोचवणारे मग फ्यूज जाळतात. बी१९, बी२० ला बारीक टर्मिनल. बी२४ दोन्ही प्रकारांत मिळते, शेवटी एस असेल तर जाड. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीवर एम-४२, एन-५५, क्यू-८५ असे कोड असतात. तिथे साधी बसवली तर ती लवकर बसते.

मागची_सीट

थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केल्यावर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, १,२०० आरपीएमवर अडकलंय. निसान. बॅटरी काढून लावली तरी तेच. सेन्सर गेला का?

टॅपेट_मास्तर

बहुधा नाही. काजळी असताना झडप जितकी उघडी ठेवावी लागत होती ती जागा संगणकाने लक्षात ठेवलीय. आता रस्ता मोकळा झाला, हवा जास्त जाते. त्याला पुन्हा शिकवायचं. पेडलवरून होतं, घड्याळ समोर ठेवा.

इंजिन नीट तापलेलं, एसी-दिवे बंद, स्टिअरिंग सरळ. इंजिन बंद करून १० सेकंद थांबा. चावी ऑन, ३ सेकंद. ५ सेकंदांत पेडल पाच वेळा पूर्ण दाबा-सोडा. ७ सेकंद थांबा. मग पेडल तळाला दाबून धरा, साधारण २० सेकंद: चेक इंजिनचा दिवा लुकलुकेल, मग स्थिर होईल. स्थिर झाल्यावर ३ सेकंदांच्या आत पेडल सोडा आणि लगेच स्टार्ट करा. २० सेकंद आयडलवर राहू द्या. पहिल्या प्रयत्नात क्वचितच जमतं, मोजणी चुकते.

होंडाचं वेगळं. संगणक रीसेट, सगळं बंद, ३,००० आरपीएमवर रेडिएटर फॅन लागेपर्यंत धरा, मग पेडल सोडून पाच मिनिटं आयडल.

मागची_सीट

चौथ्या प्रयत्नात जमलं. ७०० वर आलं. _/\_

गप्प_कॅलिपर

ब्रेकवर कोणीच लिहिलं नाही. पॅड बदलताना स्लाइड पिनांकडे (कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्यांवर सरकतो त्या) दुर्लक्ष होतं. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा उरलेला दिसला तर पिन जॅम आहेत. काढा, पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा रबर ग्रीस पातळ थरात लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पुष्कळ कॅलिपरांत दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतं आणि तीच आधी अडकते. दोन्हींच्या जागा लक्षात ठेवा, अदलाबदल नको. ब्रेक ऑइल दोन-तीन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं.

नवशिकी_चालक

हायब्रिड घ्यायचा विचार आहे. त्यातही सीव्हीटी लिहिलेलं असतं, म्हणजे वरचं सगळं लागू?

पुली_पट्टा

टोयोटाच्या हायब्रिडमधला ई-सीव्हीटी हा नावापुरता. पट्टा नाही, पुली नाही, ग्रहचक्री गिअर आणि दोन मोटर. ऑइल एटीएफ डब्ल्यूएस. तो सहसा त्रास देत नाही.

तिथल्या गुपचूप गोष्टी वेगळ्या. मागच्या सीटजवळ मोठ्या बॅटरीला हवा ओढणारी जाळी असते, तिच्यावर गालिचा, पिशव्या, कुत्र्याचे केस. आतला फिल्टर बुजला की बॅटरी तापते आणि आयुष्य कमी होतं. दर सर्व्हिसला काढून साफ करा, पाच मिनिटांचं काम. इन्व्हर्टरचा कूलंट वेगळ्या टाकीत, त्याची पातळीही बघा. १२ व्होल्टची छोटी बॅटरी केबिनमध्ये असेल तर नव्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी जोडायला विसरू नका.

आणि एसी. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, मोटर त्याच ऑइलमध्ये. त्याला वीज न वाहणारं एनडी-११ प्रकारचं ऑइल लागतं. गॅस भरणाऱ्याने नेहमीच्या एसीचं पीएजी ऑइल त्याच मशीनमधून घातलं तर इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी फॉल्ट दाखवून उभी राहते. भरण्याआधी विचारा. नारिंगी (मोठ्या व्होल्टेजच्या) केबलला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

रेडिएटर_झाकण

जुनी गाडी घेणार असाल तर एअरबॅग रिकॉल आधी तपासा. एअरबॅग बनवणाऱ्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये (फुगा फुगवणाऱ्या डबीत) अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडतं, मग फुगा उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे उडतात. ताकाताने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, पण त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. होंडा, टोयोटा, निसान, माझदा, सगळ्यांच्या. रिकॉल मालकाच्या नावावर नसतो, चेसिस नंबरवर असतो. कंपनीच्या साइटवर नंबर टाका. जपानच्या देशांतर्गत बाजारातून आलेली वापरलेली गाडी असेल तर तिचा नंबर १७ अक्षरांचा नसतो, मॉडेल कोड, रेघ आणि आकडे असा असतो. तो जपानी साइटवर तपासावा लागतो.

अर्धा_क्लच

शेवटचा प्रश्न. जुन्या होंडाला बाहेरून घेतलेले अलॉय बसवलेत, नट कंपनीचेच ठेवलेत. दोनदा कसले तरी ढिले होतात. काय चुकतंय?

बारा_नंबरचा_पाना

आत्ता गाडी बाहेर काढू नका.

होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलाकार असते, चेंडूच्या पाठीसारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांची शंकूची बैठक लागते. गोल नट शंकूत बारीक रेघेएवढाच टेकतो. टॉर्क बरोबर दाखवतो, पण धरत नाही. नट काढून अलॉयच्या भोकात बघा, पूर्ण बैठकीऐवजी एकच चकचकीत वर्तुळ उमटलं असेल.

शंकूच्या बैठकीचे नट घ्या, १२ मिमी, १.५ पिच. टोयोटा आणि माझदालाही हेच पिच आहे. निसान, सुबारू आणि सुझुकीचं १.२५, ते दोन फेरे जातात आणि मग स्टडचे (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे) आटे खातात, म्हणून आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. टॉर्क १०८ न्यूटन मीटर, ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. आट्यांना ऑइल-ग्रीस नको. ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावा. ढिल्या नटांवर गाडी चालली असेल तर स्टडही तपासा, एखादा वाकला किंवा आटे ओढले गेले असतील तर तो बदलूनच चाक चढवा.